नाक वर, वेग कमी



हडपसरच्या आकाशात निःशब्द घिरट्या घालणारी ग्लायडर आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असतील. इंजिन नसता ती पडत कशी नाहीत, असे लोक विचारतात. मी विचारतो, पडतात केव्हा?

पंख समोरच्या वाऱ्याशी सुमारे 15 अंशांहून अधिक तिरपा झाला, की त्यावरचा प्रवाह सुटतो व उचल ढासळते. ह्यालाच ‘स्टॉल’ म्हणतात. सरळ उडताना हे झाले तर नाक खाली येते, थोडी उंची जाते, इतकेच. वळणात मात्र गोष्ट निराळी. 15 मीटर पंखविस्ताराचे ग्लायडर ताशी 80 किलोमीटर वेगाने 45 अंश कलून वळत आहे, असे समजा. वर्तुळाची त्रिज्या भरते सुमारे 50 मीटर. आतल्या पंखाचे टोक ताशी 72 ने जाते, बाहेरचे 88 ने. खळ्यावर तिवड्यालगतचा बैल हळू आणि कडेचा भरभर चालतो, तसेच. शिवाय सरळ उडताना 60 ला स्टॉल होणारे ग्लायडर ह्या वळणात 71 लाच होते. म्हणजे हाती शिल्लक 9 किलोमीटरांची, आणि आतल्या टोकाशी तीही नाही!

आता उतरण्यापूर्वीचे शेवटचे वळण घ्या. धावपट्टीची रेघ निसटते आहे, जमीन जवळ आहे, अधिक कलायची भीती वाटते. वैमानिक पायाने रडर दाबून नाक वळवतो. नाक खाली झुकते, म्हणून दांडा मागे ओढतो. आतला पंख कोसळतो. तो उचलण्यासाठी दांडा उलट बाजूला नेला, तर त्याच पंखाची मागची झडप खाली जाऊन तिरपेपणा आणखी वाढतो, आणि गिरकी सुरू होते. तिथून सावरायला उंची उरलेली नसते. काचेवर चिकटवलेला लोकरीचा धागा वाकडा झालेला तेवढ्यात दिसला तर नशीब.

उपाय दांडा पुढे करणे हाच. गिरकी लागलीच तर उलट रडर, मग दांडा पुढे. फिरणे थांबताच रडर मध्यावर, आणि हळूच वर. (त्या त्या ग्लायडरची पुस्तिका मात्र आधी वाचावी.)

जर्मनीच्या ओटो लिलिएन्थालपाशी असा दांडाही नव्हता. अंग पुढेमागे झोकून तो तोल राखी. 9 ऑगस्ट 1896 रोजी त्याच्या ग्लायडरचे नाक वर गेले, वेग सरला, आणि तो कोसळला. दुसऱ्या दिवशी तो वारला. त्याआधी त्याने हजारांवर उड्डाणे केली होती.

माझ्या शिक्षकांनी मला पुरेशा उंचीवर मुद्दाम हा प्रसंग आणून दाखवला. हे सगळे मला पाठ होते. जमीन समोर येऊन फिरू लागली, आणि माझा हात मागेच गेला. ते काही बोलले नाहीत. त्यांनी दांडा पुढे नेला.