सुरमई : एका माशाचें नांव



शाळेंत मराठी शिकवीत असतां एका मुलानें मला विचारलें, "गुरुजी, सुरमईला सुरमई कां म्हणतात?" प्रत्येक शब्दाचें मूळ संस्कृतांतच असलें पाहिजे, असा त्या काळीं माझा हट्ट होता. "सुर म्हणजे देव, देवांनाही आवडावी ती सुरमयी," असें मीं ठोकून दिलें. वर्ग खूष झाला, आणि मीही.

पुढें कांहीं वर्षांनीं ठाण्याच्या बाजारांत चेंदणी कोळीवाड्याच्या एका वृद्ध कोळणीपुढें मीं हीच व्युत्पत्ति ऐटीनें मांडली. ती हंसली. टोपलींतल्या माशाच्या पाठीवरून तिनें बोट फिरविलें व म्हणाली, "मास्तर, यो रंग बगा. डोल्यान घालतान तो सुरमा."

तिचें म्हणणें खरें होतें. फार्शींत 'सुर्मा' म्हणजे डोळ्यांत घालावयाची काळसर भुकटी. 'सुर्मई' म्हणजे त्या रंगाचें. तुर्की भाषेंतही तिला 'सुर्मे' म्हणतात, व तेथील 'सुर्मेक्' या क्रियापदाचा एक अर्थ चोळणें, माखणें असा आहे. (बाजारांतील सुरमा पुष्कळदां शिशाच्या खनिजाचा असतो, तो मुलांच्या डोळ्यांत घालूं नये, हें जातां जातां सांगून ठेवतों.) ताज्या सुरमईची पाठ नेमकी त्याच निळसर काळ्या छटेची असते आणि पोट चंदेरी. बर्फांत फार दिवस राहिली कीं ती झांक मावळते. म्हणजे हें नांव शोभतें तें मासा ताजा असेपर्यंतच!

दुसऱ्या किनाऱ्यांवर मात्र लोकांनीं याच माशांत निराळेंच कांहीं पाहिलें. मल्याळी लोक त्याला 'नेय्मीन' म्हणतात. 'नेय्' म्हणजे तूप. त्यांनीं रंग पाहिला नाहीं, चव पाहिली. इंग्रजींत हा 'सीर' मासा. १८८६ सालीं निघालेल्या 'हॉब्सन्-जॉब्सन्' कोशांत त्या नांवाचें मूळ पोर्तुगीज 'सेर्रा', म्हणजे करवत, असें दिलें आहे. पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या मागें आणि त्याच्याच समोर पोटाच्या बाजूस, शेपटापर्यंत बारीक परांची रांग असते, ती पाहिली कीं करवतीचे दांत आठवतात. बांगडा याच कुळांतला. त्याच्याही अंगावर ही रांग दिसेल. शास्त्रज्ञांनीं सुरमईच्या एका जातीला लॅटिनमध्यें 'गुट्टाटुस्', म्हणजे ठिपक्यांची, म्हटलें. गोमांतकांत व मालवणाकडे ती 'इसवण' होते.

मंगळुराकडे हिलाच 'अंजल' म्हणतात. हा शब्द प्रथम ऐकला तेव्हां माझें मन पुन्हां उसळलें: अंजन, अंजल, सुरमा, काय जुळणी आहे! परंतु एकदां पोळलेला माणूस मी. कानाला गोड लागणारी जुळणी म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून ती मीं वहींतही लिहिली नाहीं.

राहिली गोष्ट त्या वर्गाची. माझी चूक मला उमगली तोंवर तीं मुलें शाळा सोडून पांगलीं होतीं; कोणी कल्याणला, कोणी डोंबिवलीला, कोणी परदेशीं. त्यांतला कोणी आज ऐकत असेल आणि आपल्या मुलांना देवांच्या सुरमयीची कथा सांगत असेल, तर त्यानें ती आजपासून सांगूं नये. वहींत लिहिली असल्यास खोडावी, व तेथें 'सुरम्याच्या रंगाची' असें लिहावें.