वाटाड्यांचा नकाशा

अनोळखी मुलुखातून जाणाऱ्या वाटसरूपुढे दोन मार्ग असतात. प्रत्येक चव्हाट्यावर पुढची वाट विचारावी व सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा, हा एक. साऱ्या मुलुखाचा नकाशा जवळ बाळगून आपली वाट आपणच काढावी, हा दुसरा. संगणकांच्या जाळ्यातून संदेश पुढे धाडणाऱ्या यंत्रांचे, म्हणजे राउटरांचेही तसेच आहे. अमेरिकेतील अर्पानेट हे जाळे १९६९ साली सुरू झाले, ते शेजाऱ्याच्या सांगीवर विसंबून. १९७९ साली तेथे दुसरी रीत आली.

या रीतीत प्रत्येक यंत्र केवळ आपल्या दुव्यांची स्थिती सर्वांना कळविते. सर्वांच्या हाती एकच नकाशा येतो आणि त्यावरून जो तो सर्वांत जवळची वाट काढतो. त्यासाठीचे गणित डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांना १९५६ साली आम्स्टरडॅमच्या एका उपाहारगृहात, कॉफी घेता घेता, वीसेक मिनिटांत सुचले होते; हाती कागद-पेन्सिलही नव्हती म्हणतात!

परंतु नकाशा ताजा कोणता, हे कसे ठरावे? प्रत्येक सूचनेला क्रमांक असे. कचेरीत नवे परिपत्रक जुन्यास रद्द करते, तसाच हा न्याय. मात्र अर्पानेटमध्ये क्रमांक ० ते ६३ एवढेच असून ते चक्राकार फिरत. २७ ऑक्टोबर १९८० रोजी एका सदोष यंत्राकडून काही बिटे गळाली आणि एकाच ठिकाणाहून निघालेल्या ८, ४० व ४४ अशा तीन क्रमांकांच्या सूचना जाळ्यात फिरू लागल्या. चक्रातील तुलनेने ४४ हा ४० हून नवा, ४० हा ८ हून नवा, आणि ८ हा पुन्हा ४४ हून नवा! तिन्ही एकमेकींना अखंड रद्द करीत राहिल्या. यंत्रांना दुसरे काम उरले नाही. सारे जाळे कित्येक तास ठप्प झाले. एखादे यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, तरी शेजारी त्याला तीच विषारी सूचना परत देई. अखेर त्या ठिकाणच्या सूचना झिडकाराव्यात, अशी दुरुस्ती यंत्रांत घालावी लागली.

पुढे १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ओएसपीएफ या नियमावलीने हा धडा पचविला आहे. तिच्यात क्रमांक चक्राकार नाहीत, मजकुराची पडताळणी होते, आणि तासभर न नूतनविलेली सूचना कालबाह्य ठरते.

तरीही ती यंत्रावर बसविणाऱ्याने दक्ष असावे लागते. यंत्रे शेजाऱ्याला बहुधा दर १० सेकंदांनी ‘हॅलो’ म्हणतात. ४० सेकंद ते ऐकू आले नाही, तर शेजारी गेला असे धरतात. हे आकडे दोन्ही टोकांना जुळले नाहीत, तर तारा शाबूत असूनही ओळख म्हणून होत नाही. विभागाचा क्रमांकही जुळावा लागतो, आणि सारे विभाग शून्य क्रमांकाच्या कण्याला जोडलेले असावे लागतात. दुव्याचे ‘मूल्य’ही डोळसपणे ठरवावे; कारण अनेक राउटरांत ते १०० मेगाबिटांच्या जुन्या मापाने काढले जाते, आणि मग शंभर मेगाबिटांची गल्ली व दहा हजारांचा राजरस्ता दोन्ही एकाच मोलाचे ठरतात.