कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

(ऊसतोड कामगार स्त्रियांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



'ऊसतोड बायकांसाठी ताकदीचे व्यायाम' असा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलं. साहजिक आहे. दिवसभर कोयता चालवून, मोळ्या वाहून जी बाई रात्री चुलीपुढे बसते, तिला आणखी व्यायाम करायला सांगायचा? वस्तीवरच्या बायकाही मला हेच विचारतात, "आमचा काय कमी व्यायाम होतो का, ताई?" हा प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर शोधू या.

आधी काम नीट पाहू. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल त्या जोडीवर. ऊस बुडख्याशी, जमिनीलगत तोडायचा, म्हणजे तासन्‌तास कमरेत वाकणं आलं. बाई ऊस तोडते, पाचट काढते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढते. गाडी रात्री आली तर रात्री भरायची.

आता हिशेब करा. जोडी दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस तोडते. मोळी ३५ किलोची धरली तर दोन टनांच्या ५७ मोळ्या होतात. निम्म्या बाईच्या वाट्याला आल्या, तरी एक टन ओझं एका दिवसात तिच्या मानेवरून, कमरेवरून, गुडघ्यांवरून जातं. हे चार-पाच महिने चालतं.

मग एवढ्या कष्टानं तिचं शरीर पहिलवानासारखं का होत नाही? कारण स्नायू ओझं उचलताना बळकट होत नाही. ओझ्यानं तो थकतो, थोडा झिजतो. नंतरच्या विश्रांतीत, खाल्लेल्या अन्नातून तो भरून येतो आणि पहिल्यापेक्षा थोडा मजबूत होतो. व्यायाम म्हणजे ही तिन्ही मिळून: ओझं, अन्न, विश्रांती. फडात ओझं तेवढं आहे. अन्न घाईत, आणि बहुधा सगळ्यांच्या नंतर. झोप चार-पाच तास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हे आकडे सगळ्या बायकांचे आहेत. त्यात सर्वांत जास्त राबणारीची काय गत असेल, ते तुम्ही रोज पाहता.

आणखीही फरक आहेत. व्यायामात वजन हळूहळू वाढवतात. फडात पहिल्याच दिवशी पूर्ण मोळी डोक्यावर. व्यायामात दोन्ही बाजूंना सारखं काम देतात; कोयता मात्र एकाच हातात, वळणं एकाच अंगाला. व्यायामात दमलं की थांबायचं. फडात थांबलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. दमलेल्या स्नायूंनी साथ सोडली की सगळा भार मणक्यावर आणि सांध्यांवर येतो. मग एक दिवस फळीवर पाय सरकतो आणि आपण म्हणतो, "अपघात झाला."

व्यायामानं दुखापती खरंच टळतात का? २०१४ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये २५ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. ताकदीचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये खेळातल्या दुखापती एक तृतीयांशाहूनही कमी झाल्या, आणि अतिवापरानं होणाऱ्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. पण ते खेळाडू होते. त्यांना खायला होतं, झोपायला होतं. म्हणून एवढंच म्हणते: व्यायामाचा उपयोग आहे, आणि त्याला अन्न-विश्रांतीची जोड हवीच. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२० मध्ये प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सुचवले आहेत.

म्हणून गावातच सुरुवात करायची. पोळा ते दिवाळी दोन महिने असतात. दसऱ्यालाच टोळी निघाली तरी सहा आठवडे मिळतात. काढणीची कामं असतातच, तेव्हा आठवड्यातून दोन दिवस, वीस मिनिटं पुरे. बचत गटाच्या बैठकीला जोडून घ्या. पाच गोष्टी शिकवायच्या:

१. वाकणं. पाठीवर उभी काठी धरायची, ती डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला टेकलेली. गुडघे किंचित सैल. काठी न सुटता, ढुंगण मागे नेत पुढे झुकायचं. म्हणजे पाठीतून न वाकता खुब्यातून वाकणं अंगवळणी पडतं. आठ-दहा वेळा.

२. उठाबशा. ओट्याच्या कडेवर टेकून उठायचं, सावकाश. जमलं की पाण्यानं अर्धी भरलेली कळशी छातीशी धरून. दर आठवड्याला कळशीत थोडं पाणी वाढवायचं.

३. एका हातात भरली बादली घेऊन ताठ चालणं, वीस पावलं. मग दुसऱ्या हातात. अंग एका बाजूला कलू द्यायचं नाही. यानं कमरेच्या दोन्ही अंगांना बळ येतं.

४. उताणं झोपून, गुडघे वाकवून, कंबर वर उचलणं. पाच आकडे मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. आठ-दहा वेळा.

५. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळणं. लघवी अडवताना जे आवळतो तेच. पण ते ओळखण्यापुरतंच. एरवी लघवी करताना हा व्यायाम करू नये. पाच आकडे आवळायचं, पाच आकडे सोडायचं, दहा वेळा. हा रोज केला तरी चालेल. आणि ओझं उचलताना श्वास कोंडायचा नाही, सोडत उचलायचं. श्वास कोंडून कुंथलं की जोर खाली पडतो.

पाचव्या व्यायामाबद्दल थोडं थांबून बोलते. अंग बाहेर येणं, खोकलं-शिंकलं की लघवी होणं याबद्दल बायका बोलत नाहीत. 'बाईच्या जातीला असायचंच' म्हणून सोसतात. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीनं ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कंबर दुखते, पोटात दुखतं, अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला कामाचं, ओझ्याचं कुणी विचारतच नाही. दुखण्याचं मूळ फडात असेल तर पिशवी काढून ते जाणार कसं? म्हणून या स्नायूंचं नाव घेऊन, उघडपणे, गटात बोललं पाहिजे.

मात्र जिचं अंग बाहेर येतं, जी गरोदर आहे, जिचं बाळंतपण किंवा ऑपरेशन नुकतंच झालंय, तिला वजन उचलायला लावू नका. आधी डॉक्टर किंवा परिचारिकेला दाखवा. व्यायाम करताना कळ आली की थांबायचं.

फडातही थोडं करता येतं. तासभर तोडणी झाली की मोळ्या बांधायचं काम घ्यायचं. बराच वेळ वाकल्यावर उभं राहून, कमरेवर हात ठेवून चार वेळा मागे झुकायचं. मोळी डोक्यावर घेताना दुसरीनं हात द्यायचा.

मोळी लहान बांधा, हेही सांगावंसं वाटतं. पण २५ किलोची बांधली तर ५७ च्या ८० मोळ्या होतात. मजुरी टनावर, त्यामुळे त्या जादा फेऱ्यांचे पैसे कोण देणार? इथे व्यायामाचा विषय संपतो आणि मजुरीचा सुरू होतो. खरं तर तो एकच विषय आहे.

१९४८ च्या कारखाना कायद्यात, कलम ३४ मध्ये, इजा होईल एवढं ओझं कुणाकडूनही उचलून घेऊ नये, अशी तरतूद झाली. त्याखालच्या नियमांत प्रौढ स्त्रीसाठी ३० किलोची मर्यादा आली. म्हणजे साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत ३० किलो, आणि त्याच कारखान्यासाठी फडात ३५-४०! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ओझ्याच्या मर्यादेविषयीचा १९६७ चा करार भारतानं २०१० मध्ये मान्य केला आहे. शंभर किलोचं पोतं पन्नासवर यावं म्हणून हमालांच्या संघटना लढल्या. मोळीच्या वजनासाठी आपण का बोलू नये?

एक धोका ध्यानात ठेवा. उद्या मुकादम म्हणेल, "तुमच्या ताईंनी व्यायाम शिकवला ना? मग कंबर कशी दुखते?" दुखापतीचा दोष बाईच्या अंगावर ढकलायला आपला व्यायाम कामी येता कामा नये. म्हणून गटात शिकवताना प्रत्येक नियमासमोर एक मागणी लिहा. विश्रांती हवी, तर खाडा बंद आणि आठवड्याची भरपगारी सुट्टी. भार बेताचा हवा, तर मोळीला वजनाची मर्यादा आणि टनाला वाढीव दर. अन्न हवं, तर तळावर रेशन. पाय सरकू नये, तर रुंद, आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी आणि रात्रीच्या भरणीला उजेड. आणि घरातही एक मागणी आहेच: तिची ती वीस मिनिटं मोकळी व्हायची तर पाण्याची घागर त्यानं भरावी.

बाईचं अंग हे तिचं एकुलतं अवजार आहे, असं म्हणतात. मला ते पटत नाही. कोयता झिजला की नवा घेता येतो. अंगानं तिला फक्त राबायचं नसतं. लेकराला उचलून घ्यायचं असतं, म्हातारपणी आपल्या पायांनी चालायचं असतं, कधी नुसतं हुंदडायचंही असतं. ती ताकद कारखान्याच्या गाळपासाठी नाही. ती तिची आहे.

तर पोळा झाला की पहिली बैठक घ्या. सोबत एक काठी, एक बादली आणि मागण्या लिहायला एक वही न्या.