खेळ खेळणे आणि खेळ घडविणे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



'विद्यार्थी आणि संगणक' या विषयावर मी बोलावे, असे कार्यकारिणीने सुचविले. विषय फार मोठा आहे. मी त्याचा एक लहानसा भाग घेणार आहे आणि सुरुवात माझ्या हातून घडलेल्या एका चुकीने करणार आहे.

मी आयुष्यभर भूमिती शिकविली. २००० सालच्या सुमारास नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसत असे. एके दिवशी तास चालू असताना तो चौकटीच्या वहीत काही काढीत होता. मी वही ओढून घेतली. पानोपानी खोल्या, बोळ, जिने आणि प्रत्येकाशेजारी आकडे : २४, ५६, १२८. मला वाटले, हे मटक्याचे आकडे! मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतले. "सर, हा खेळाचा नकाशा आहे," असे तो सांगत होता. 'खेळ' हा शब्द ऐकून वडिलांचा राग आणखीच वाढला. त्याचे संगणकाच्या क्लासला जाणे बंद झाले. वही मी परत केली नाही. पुढे शाळेतील कपाटे बदलली, तेव्हा ती रद्दीत गेली.

निवृत्तीनंतर माझा नातू एकदा संगणकावर असाच नकाशा काढीत बसला होता. मी सहज विचारले, हे ५६ काय आहे? तो म्हणाला, "आजोबा, ही खेळाडूची उंची. छत यापेक्षा खाली आले तर तो आत जाऊ शकत नाही. आणि २४ म्हणजे पायरीची सर्वांत जास्त उंची. त्यापेक्षा उंच पायरी त्याला चढता येत नाही." १२८ ही खोलीची नेहमीची उंची. मी खुर्चीवर बसून राहिलो. तो मुलगा माझ्याच तासाला भूमितीच करीत होता.

तो खेळ म्हणजे 'डूम'. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने तो १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध केला. जॉन कारमॅक आणि जॉन रोमेरो ही त्यामागची प्रमुख नावे. पालकांना आधीच सांगतो, खेळ मारामारीचा आहे, त्यात राक्षस आहेत, रक्त आहे. लहान मुलांच्या हाती तो द्यावा, असे मी म्हणणार नाही. माझा विषय त्या खेळातील मारामारी नसून त्याच्याभोवती उभी राहिलेली तालीम हा आहे.

या कंपनीने एक गोष्ट मुद्दाम केली. खेळ चालविणारा प्रोग्राम एकीकडे ठेवला आणि नकाशे, चित्रे, आवाज हे सारे निराळ्या फाइलमध्ये ठेवले. त्यामुळे मूळ खेळाला हात न लावता कोणालाही आपली लेव्हल, म्हणजे खेळातील आपली स्वतःची इमारत, त्यात बसविता येऊ लागली. परंतु ती कशी रचावी याचे पुस्तक कोठेही नव्हते. खेळणाऱ्यांनी ती फाइल स्वतः उलगडून पाहिली. १९९४ मध्ये मॅट फेल याने तिच्या रचनेची सविस्तर माहिती लिहून सर्वांसाठी खुली केली. त्याच वर्षी न्यूझीलंडमधील ब्रेंडन वायबर आणि बेल्जियममधील राफाएल किने यांच्या परिश्रमातून 'डीईयू' हा एडिटर सर्वांना मोफत मिळाला. मग ज्याला दार जमले त्याने दाराचा पाठ लिहिला, ज्याला जिना जमला त्याने जिन्याचा. पगार कोणालाच नव्हता. कंपनीने एवढीच विनंती केली होती की, या नव्या लेव्हल खेळाच्या फुकट वाटलेल्या भागावर चालू नयेत, विकत घेतलेल्या प्रतीवरच चालाव्यात. बहुतेक एडिटरकर्त्यांनी ती मानली.

आता या पाठांत काय शिकवितात ते थोडक्यात सांगतो. नववीच्या विद्यार्थ्याला ते चटकन कळेल. कागदावर बिंदू द्यायचे, ते रेषांनी जोडायचे आणि आकृती बंद करायची. बंद आकृती झाली म्हणजे ती एक खोली. तिला जमिनीची उंची द्यायची, छताची उंची द्यायची आणि उजेड किती तो आकडा द्यायचा. प्रत्येक रेषेला दिशा असते. तिची उजवी बाजू ही पुढची बाजू. शेवटी खेळाडू कोठे उभा राहील तेथे एक खूण करायची. एवढे केले की खोली चालते. राक्षस ठेवलेच पाहिजेत असे नाही.

नातवाच्या देखरेखीखाली मीही एक खोली बांधली. एका भिंतीला टेक्श्चर, म्हणजे वरचे चित्र, द्यायचे राहून गेले. त्या जागी आधीची दृश्ये एकात एक मिसळून आरशांच्या दालनासारखा गोंधळ दिसू लागला. मग मी ३२ उंचीची पायरी केली आणि खेळाडू तिच्यापुढे नुसताच उभा राहिला. त्यानंतर दार. दार म्हणजे छत जमिनीपर्यंत खाली आणलेली एक अरुंद खोली. ते उघडते म्हणजे त्या खोलीचे छत वर जाते. माझे दार उघडले खरे, पण चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीही दाराबरोबर वर सरकताना दिसू लागल्या! दोन संध्याकाळी मी डोके खाजविले. शेवटी एका पाठात एक ओळ सापडली : त्या बाजूंच्या रेषांना भिंतीचे चित्र खालून बांधून ठेवणारी खूण करा. खूण केली आणि चौकट जागच्या जागी राहिली. ज्याने ती ओळ लिहिली, त्याच्याही हातून कधीतरी हीच चूक झाली असणार. म्हणूनच तो ती लिहू शकला.

मित्रांनो, मला विशेष वाटले ते पुढेच आहे. लेव्हल पूर्ण झाली की तिच्यासोबत एक लेखी टिपण जोडण्याचा प्रघात त्या मंडळींत पडला. त्यात रकाने असतात : करणाऱ्याचे नाव, कोणाकोणाचे साहाय्य झाले, काम पूर्ण नवे की दुसऱ्याच्या कामावर आधारलेले, कोणता एडिटर वापरला, किती वेळ लागला, माहीत असलेले दोष कोणते आणि या कामाचा पुढे कोणी उपयोग करावा की नाही. आपल्याकडे हदीसच्या अभ्यासात सनदीला किती महत्त्व आहे, हे आपण जाणता. कोणी कोणाकडून ऐकले, हे सांगितल्याशिवाय मजकूर पुढे जात नाही. ज्याच्याकडून इल्म घेतले त्याचे नाव सांगणे ही अमानत आहे. आणि आपल्या कामातील दोष स्वतःच्या हाताने लिहून देणे! आमच्या वर्गात चुकीला लाल शाई होती आणि छडीही होती. परंतु चूक मांडण्यासाठी रकाना नव्हता.

यातून पोटापाण्याचे काय, असे पालक विचारतील. विचारलेच पाहिजे. इंग्लंडमधील डारिओ आणि मायलो कसाली हे भाऊ अशाच लेव्हल रचीत असत. १९९६ साली निघालेल्या 'फायनल डूम'मधील एक पूर्ण भाग त्यांच्या कामाचा आहे. डारिओ पुढे व्हॉल्व्ह कंपनीत गेला आणि १९९८ च्या 'हाफ-लाइफ' या खेळावर त्याने काम केले. पण मी खोटी आशा दाखविणार नाही. बहुतेकांना यातून एक पैसाही मिळाला नाही. मिळाले ते असे : मोजून काम करण्याची सवय, लिहिलेले नीट वाचून तसे करून पाहण्याची सवय आणि बिघडले तर कोठे बिघडले ते शोधण्याचा धीर. या तीन गोष्टी गवंड्याला लागतात, परिचारिकेला लागतात आणि इंजिनियरलाही लागतात.

आज यासाठी फार खर्चही लागत नाही. १९९७ मध्ये कंपनीने खेळाचा मूळ प्रोग्राम खुला केला. 'फ्रीडूम' या नावाने चित्रे, आवाज आणि नकाशे मोफत मिळतात. 'स्लेड' किंवा 'अल्टिमेट डूम बिल्डर' हे एडिटरही मोफत आहेत. साधा संगणक पुरतो.

अडचण आहे ती भाषेची. बहुतेक पाठ इंग्रजीत आहेत. म्हणून विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी जो कोणी पहिले दार बसवील, त्याने ते कसे बसविले हे मराठीत किंवा उर्दूत दोन पानांत लिहून शाळेच्या वाचनालयात ठेवावे. खाली आपल्या चुका लिहाव्यात आणि कोणाकडून शिकलो तेही लिहावे. मुलींनीही लिहावे. संस्थेने रविवारी दोन तास संगणकाची खोली उघडी ठेवावी. तेथे बसून देखरेख करण्याची जबाबदारी मी घेतो.

पालकांना एवढेच सांगतो. मूल संगणकापुढे बसलेले दिसले की रागावण्यापूर्वी एकदा जवळ जा आणि विचारा, "तू खेळतोस की घडवितोस?" खेळत असेल तर वेळ बांधून द्या. नमाज, अभ्यास आणि झोप यांच्या वेळेला धक्का लागू देऊ नका. घडवीत असेल तर त्याला ते समजावून सांगायला लावा. समजावता आले तर समजा की तो शिकत आहे.

मी बांधलेल्या खोलीत आमच्या जुन्या शाळेचा वर्ग आहे. पुढे फळा, मागे शेवटचा बाक. तिच्या टिपणात 'साहाय्य' या रकान्यात मी नातवाचे नाव लिहिले आहे आणि त्याखाली त्या विद्यार्थ्याचे. 'माहीत असलेले दोष' या रकान्यात लिहिले आहे : वही परत केली नाही.