पिलाच्या पोटातील पहिली जागा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज पांडेसऱ्यात जमलो आहोत, त्या गुरुजींनी आम्हांला याच शाळेत विरजणाचा धडा शिकविला. कोमट दूध, चमचाभर दही आणि ‘उद्या सकाळी पाहा’ एवढेच सांगणे. पुढे मी पशुवैद्य झालो. आजचा विषय त्या वाटीतूनच निघाला आहे: कोंबडीच्या मांसातून माणसाला होणारी जंतुबाधा आणि तिला अटकाव करणारे उपकारक जीवाणू.

उधन्याहून खानदेशात जाताना लागणारे नवापूर आपल्या परिचयाचे. तेथील कुक्कुटपालनही प्रसिद्ध. २००६ च्या फेब्रुवारीत तेथे बर्ड फ्लू आला आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. तो विषाणूंचा रोग. त्यावर हे जीवाणू हा उपाय नव्हे. आजचा शत्रू असा गाजावाजा करीत येत नाही. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जीवाणू धडधाकट कोंबडीच्या आतड्यातही राहतात. पक्षी कापताना आतडे फुटले की ते मांसावर पसरतात आणि सुरीवरून आपल्या कोशिंबिरीतही पोहोचतात.

फिनलंडमध्ये कोंबड्यांत साल्मोनेलाचा मोठा प्रादुर्भाव झाल्यानंतर, १९७३ साली, नुर्मी आणि रांताला या संशोधकांनी एक मार्ग दाखविला. निरोगी प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील जीवाणू नवजात पिलांना पाजले असता साल्मोनेलाला तेथे बस्तान बसविणे कठीण जाते. यंत्रात उबविलेल्या पिलाला आईचा सहवास नसतो. म्हणून त्याचे आतडे जवळजवळ रिकामे असते. भुसावळ गाडीच्या साध्या डब्यात जो आधी बसला त्याची जागा, हा न्याय आपण जाणतोच. पोटातही तोच न्याय चालतो. उपकारक जीवाणू आतड्याच्या अस्तरावर जागा धरतात, अन्न वाटून घेतात आणि आम्ले निर्माण करून नवागताला नकोसे करतात. दह्याच्या विरजणातील जीवाणूंचे लॅक्टोबॅसिलस हे भाऊबंद त्यांपैकीच होत.

येथे एक कबुली देणे माझे कर्तव्य आहे. उमेदीच्या काळात निरोगी पिलांच्याही पाण्यात प्रतिजैविके घालण्याचा सल्ला मी अनेकांना दिला. पिले वाढत, मालक संतुष्ट होई. परंतु औषधाला न जुमानणारे जंतू त्यातूनच निपजतात आणि शेवटी माणसाच्या रुग्णशय्येपर्यंत येतात. युरोपीय संघाने वाढीसाठी दिली जाणारी प्रतिजैविके २००६ पासून बंद केली. माणसासाठी अखेरचा आधार मानल्या जाणाऱ्या कोलिस्टिनचा पशुखाद्यातील वापर भारताने २०१९ साली निषिद्ध केला. ही समज मला आधी यावयास हवी होती.

तथापि उपकारक जीवाणू म्हणजे रामबाण नव्हे. पिलू आधीच बाधित असेल तर त्यांचा उपयोग थोडा. निरनिराळ्या मिश्रणांचा गुणही सारखा नसतो. शेडची स्वच्छता, शुद्ध पाणी, उंदरांचा बंदोबस्त यांना पर्याय नाही. घरीही कच्चे मांस नळाखाली धुऊ नये, कारण शिंतोड्यांबरोबर जंतू उडतात. त्याची सुरी व पाट वेगळे ठेवावेत आणि मांस आतपर्यंत शिजवावे.

१९९४ च्या प्लेगनंतर या सुरत शहराने स्वच्छतेचा धडा गिरविला. केवळ शत्रूला मारून भागत नाही, त्याला जागाच मिळू नये अशी व्यवस्था आधी करावी लागते. गुरुजींच्या त्या वाटीत हेच सामावले होते; मला ते उमगायला अर्धे आयुष्य लागले.