संगणकाला पळवावे किती?

मध्यंतरी एका खेड्यातील शाळेत जाण्याचा योग आला. तेथील गुरुजींनी मला संगणकाच्या खोलीत नेले. आठदहा जुनी यंत्रे होती. गुरुजी म्हणाले, "सर, ही फार रेंगाळतात हो. ते ओव्हरक्लॉकिंग का काय म्हणतात, ते केलं तर पळतील का? एक मुलगा म्हणतो, फुकटात वेग वाढतो. दुसरा म्हणतो, यंत्र जळून जाईल." दोन्ही मुलांचे म्हणणे थोडेथोडे खरे आहे. ते कसे, हेच आज सांगायचे आहे.

शाळेच्या पटांगणावरची लेझीम आठवा. ढोलाचा एक ठोका पडला की मुलांनी एक हात करायचा. संगणकाचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, असाच ठोक्यावर चालतो. तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला तीनशे कोटी ठोके! हा ठोका कारखान्याने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा जलद करणे, याचेच नाव ओव्हरक्लॉकिंग.

आता तुम्ही म्हणाल, जलद चालत असेल तर कारखानाच तसा का देत नाही? त्याचे कारण असे. एकाच कारखान्यातले सगळे प्रोसेसर सारखे निघत नाहीत. काही चपळ, काही मंद. उन्हाळ्यात, कमीजास्त विजेवर, पुष्कळ वर्षे तो बिनचूक चालावा, म्हणून कारखाना जरा हात राखून आकडा ठरवतो. ही राखीव गती वापरून घ्यायची, एवढीच यातली युक्ती आहे.

कधीकधी ती फारच फळाला आली. १९९८ साली इंटेल कंपनीचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर निघाला. त्याची गती ३०० मेगाहर्ट्झ. मदरबोर्डाचा ठोका ६६ वरून १०० वर नेला की त्यातले पुष्कळसे ४५० मेगाहर्ट्झवर चालत, म्हणजे दीडपट! एवढ्या गतीचा प्रोसेसर विकत घ्यायचा तर कितीतरी जास्त पैसे पडत. खेळ, चित्रफितींचे काम, मोठी गणिते यांना याचा लाभ होई, आणि आजही काही प्रमाणात होतो.

मग भीती कसली? पहिली उष्णतेची. ठोका फार जलद झाला की काही मुलांचा हात पुरा होण्याआधीच पुढचा ठोका पडतो आणि रांग मोडते. प्रोसेसरमध्ये असे होऊ नये म्हणून विजेचा दाब थोडा वाढवतात. पण त्याची किंमत पडते. वीजखर्च गतीच्या प्रमाणात वाढतो आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गती वीस टक्के आणि दाब दहा टक्के वाढवला, तर १.२ गुणिले १.२१, म्हणजे सुमारे पंचेचाळीस टक्के वीज जास्त. आणि ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. तरी "जळून जाईल" ही भीती आता पूर्वीइतकी खरी नाही. अलीकडचे प्रोसेसर फार तापले की आपणच गती कमी करतात, अगदीच झाले तर बंद पडतात. मात्र जास्त दाबाने आयुष्य घटते, हे खरे. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे प्रकरण २०२४ साली गाजले. दाब प्रमाणाबाहेर जात होता, असे कंपनीनेच सांगितले आणि हमीची मुदत दोन वर्षे वाढवून दिली. आपण स्वतः दाब वाढवला तर मात्र ती हमी बहुधा हातची जाते.

पण माझ्या मते सर्वांत मोठी भीती वेगळीच आहे. मी शिकत असताना वसतिगृहात एका मित्राने असाच वेग वाढवला होता. मी मेसचा खजिनदार. सहा महिन्यांचा हिशेब त्याच्याच यंत्रावर. हिवाळा छान गेला. एप्रिलच्या उन्हात बैठक बसली, मुले म्हणाली, "हिशेब दाखव." फाइल उघडेना. आत नुसता कचरा. मुलांच्या तोंडाकडे पाहून मला त्यांच्या मनातले कळले! नशिबाने कागदाची वही होती. तिच्यावरून दोन रात्री जागून सगळा हिशेब पुन्हा उतरवला. मूळ गतीवर आणल्यावर ते यंत्र पुन्हा तसे वागले नाही. श्रोतेहो, यंत्र बंद पडले तर निदान आपल्याला कळते. चालता चालता मुकाट्याने चूक केली तर कळत नाही.

म्हणून ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर करावे; पण घरच्या, खेळायच्या यंत्रावर. गती थोडीथोडी वाढवावी, दर पायरीला यंत्र तासन् तास राबवून पाहावे, तापमानावर नजर ठेवावी. बिनसले तर बायोसमध्ये जाऊन मूळ मांडणी परत आणता येते. आणखी एक सांगतो. २००८ पासून इंटेलच्या प्रोसेसरांत टर्बो बूस्ट ही सोय आली. थंडावा असेल तेवढा वेळ ते आपणच पळतात. त्यामुळे हाताने मिळवायला आता फारसे उरलेले नाही.

आणि गुरुजींची यंत्रे? कार्यालयी यंत्रांत ही गती बहुधा कुलूपबंदच असते. मी त्यांना म्हटले, "गुरुजी, आधी पंख्यातली धूळ काढा. पैसे जमतील तशी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा आणि मेमरी वाढवा. रेंगाळण्याचे कारण बहुतेक वेळा तिथेच असते. ज्या यंत्रावर मुलांचे गुण ठेवता, त्याचा ठोका मात्र वाढवू नका."

गुरुजींनी त्याच दिवशी दोन मुलांना हाताशी घेऊन पहिली पेटी उघडली. धूळ मूठभर निघाली!