शीड शिवणारा सुकाणूवर बसतो तेव्हा



भेडाघाटच्या नावाड्यांना शिडाची गरज पडत नाही. संगमरवरी कड्यांमधून नर्मदा संथ वाहते, दोन वल्ही पुरतात, आणि वल्हवता वल्हवता प्रवाशांना यमक जुळवलेले विनोद ऐकवायलाही नावाडी मोकळा असतो. बंदरकूदनीच्या त्या चिंचोळ्या घळीच्या गावी येऊन लेखक-संपादकांच्या मेळाव्यात शिडांच्या शर्यतीवर बोलणाऱ्या अध्यक्षाला जागेचं भान नाही, असं कुणी म्हणेलही. पण समुद्र नसलेल्या याच मध्य प्रदेशातल्या एका मुलीने २०२३ साली हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत शिडाच्या बोटीत रौप्यपदक मिळवलं. नेहा ठाकूर देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. भोपाळच्या बड्या तलावावर शिकली, आणि सतराव्या वर्षी मुलींच्या आयएलसीए ४ प्रकारात ११ शर्यतींनंतर दुसरी आली.

तिचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. तिच्या डोक्यावरच्या शिडाची चौकशी मात्र फारशी कुणी केली नाही.

ती बोट म्हणजे मूळची लेझर. सांगाडा ब्रूस कर्बीने आखला, शीड हान्स फॉगने. फॉग जन्माने डॅनिश, पुढे कॅनडात गेलेला, धंद्याने शीड बनवणारा. १९६० च्या ऑलिंपिकमध्ये त्याला रौप्य मिळालं होतं आणि १९८४ मध्ये, चाळिशी उलटून गेल्यावर, कांस्य. १९७० साली विस्कॉन्सिनमध्ये लेझरचा पहिला नमुना शर्यतीत उतरला तेव्हा सुकाणूवर फॉगच होता. शिडात थोडी दुरुस्ती करून त्याने आपल्या गटात पहिला क्रमांक काढला. नेहाची बोट याच लेझरची, शीड लहान, ४.७ चौरस मीटरचं. या प्रकारात प्रत्येक स्पर्धकाला मान्यताप्राप्त उत्पादकाचं एकाच मापाचं शीड वापरावं लागतं, स्वतःच्या कारागिराकडून हवं तसं शिवून आणता येत नाही. असा नियम का करावा लागला असेल?

त्याचं उत्तर शिवणीत आहे. शीड दिसतं सपाट, पण सपाट शीड बोटीला धड ओढत नाही. त्याला पोट लागतं, आणि ते कापडात आणायचं तर पट्ट्यांच्या कडा किंचित गोलाईत कापून जोडाव्या लागतात. चोळीचे तुकडे बेतताना शिंपीणबाई हेच करते, सपाट खणातून गोलाई काढते. मंद वाऱ्यात पोट खोल हवं, जोराच्या वाऱ्यात उथळ. ते पुढच्या कडेकडे असावं की मध्याकडे, डोलकाठी वाकली की ते किती कमी व्हावं, हे सगळं कात्री लावण्याआधी ठरतं. कडेला बोटभर कापड इकडचं तिकडे झालं, तरी वाऱ्याच्या तोंडावर जाणारी बोट शेजारच्या बोटीच्या मागे पडू लागते.

बेतलेलं पोट टिकवायला कापडही घट्ट लागतं. १८५१ साली इंग्लंडच्या वाइट बेटाभोवतीच्या शर्यतीत 'अमेरिका' नावाच्या बोटीने इंग्रजांना हरवलं. तिची शिडं यंत्रावर विणलेल्या घट्ट कापसाच्या कापडाची होती आणि ताणली तरी आपला आकार धरून राहत. इंग्रजांची तागासारख्या जवसाच्या धाग्याची शिडं ढिली, फुगणारी. त्या विजयाच्या चषकालाच पुढे 'अमेरिकाज कप' हे नाव पडलं.

शीड कारखान्याच्या फरशीवर पसरलं की ते नुसतं कापड असतं. त्याचा गुण कळायला वारा हवा, पाणी हवं, आणि शेजारी हरवायला टपलेली दुसरी बोट हवी. म्हणून या धंद्यातली मोठी माणसं स्वतःच शर्यतीत उतरली. डेन्मार्कचा पॉल एल्व्हस्ट्रॉम १९४८ ते १९६० या काळात लागोपाठ चार ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकला, आणि १९५४ मध्ये त्याने शिडांचा कारखाना काढला. अमेरिकेच्या लोवेल नॉर्थने १९५७ साली सॅन डिएगोत कारखाना घातला आणि १९६८ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. याच्याइतकी चांगली जाहिरात पैसे देऊनही होत नाही.

पण गोम इथेच आहे. विकणारा आणि लढणारा एकच असला, तर प्रतिस्पर्ध्याने शीड घ्यायचं कुणाकडून?

१९७७ मध्ये हा प्रश्न चव्हाट्यावर आला. अमेरिकाज कपसाठी अमेरिकेच्या तीन बोटी निवड चाचणीत होत्या. 'एंटरप्राइज'वर लोवेल नॉर्थ होता, 'इंडिपेंडन्स'वर टेड हूड. हूडही शीडवालाच, मार्बलहेडचा. कापडसुद्धा स्वतःच्या मागांवर विणणारा आणि १९७४ चा कप जिंकून देणारा कप्तान. तिसऱ्या 'करेजस'वर टेड टर्नर, पुढे सीएनएन काढणारा. टर्नरला नॉर्थची शिडं हवी होती, ती त्याला मिळाली नाहीत. तो उघडपणे संतापला. त्याच्या संतापात तथ्य होतं, पण नॉर्थनेही आपल्याच विरोधात कात्री का चालवावी? शेवटी टर्नर हूडच्या कारखान्यातल्या शिडांवर लढला. ती बेतणारा रॉबी डॉइल त्याच्याच बोटीवर होता. ऐन चाचणीत नॉर्थला सुकाणूवरून उतरवलं गेलं, हूडची बोटही मागे पडली, आणि निवड झालेल्या टर्नरने कपच्या शर्यतीत ऑस्ट्रेलियाला ४-० ने हरवलं. दोन्ही शीडवाले कप्तान हरले, पण जिंकलं ते एका शीडवाल्याचंच कापड.

१९८३ मध्ये 'ऑस्ट्रेलिया २'ने या कपवरची अमेरिकेची १३२ वर्षांची मक्तेदारी मोडली. जगभर चर्चा झाली ती बोटीच्या तळाला लावलेल्या पंखांची. शिडं आखणारा टॉम श्नाकेनबर्ग, भौतिकशास्त्र शिकून या धंद्यात आलेला न्यूझीलंडचा माणूस, तळटिपेत गेला.

शीड असं तळटिपेत जाणं आपल्याकडेही वेगळं नाही; आधी मुंबईच्या एका बोटीची गोष्ट. १९६८-६९ मध्ये एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत नऊ जण उतरले. एकच पोचला, ब्रिटनचा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, ३१२ दिवसांनी. त्याची 'सुहैली' ही बोट मुंबईत बांधलेली, सागवानी, तिथल्या सुतारांच्या हातची. वाटेत फाटलेली शिडं तो स्वतः शिवत असे. एकदा तर दोऱ्यात स्वतःची मिशीच अडकवून बसला. हात सुरीपर्यंत पोचेना, तेव्हा मान हिसडून मिशीचे केस उपटून घेतले आणि पुन्हा सुई चालवली. त्याच शर्यतीच्या नव्या आवृत्तीत, जुन्याच काळच्या साधनांनिशी, आपला अभिलाष टॉमी २३६ दिवसांनी २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरा आला. बाहेरची मदत घ्यायची नाही असा नियम असल्याने तिथे प्रत्येक स्पर्धकाला शीड शिवणाराही व्हावंच लागतं.

इथे नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यांची वर्दळ असते, म्हणून नौदलाच्या 'सागर परिक्रमे'चीही आठवण काढू. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा केली, ती गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधलेल्या 'म्हादेई'तून. मराठीत दोंदे यांच्यावर लिहिलं गेलं, दांडेकरांचंही नाव लोकांपर्यंत गेलं. शिडापर्यंत मात्र आपली लेखणी क्वचितच पोचली.

कोकणात होड्यांना इंजिनं बसली आणि शीड शिवण्याचं काम आटत गेलं. ते करणारे हात आता थकले आहेत. जाड कापडातून दाभण कसं रेटायचं, दोऱ्याला मेण किती लावायचं, पोट कुठे ठेवायचं, हे त्यांच्या तोंडूनच ऐकायला हवं. मुंबई, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याहून आलेल्या लेखक-संपादकांना एवढीच विनंती: परत गेल्यावर आपापल्या किनाऱ्यावर असा एक माणूस शोधा, त्याचं नाव, गाव आणि काम टिपून ठेवा, आणि येत्या दिवाळी अंकात त्याला पानं द्या.